बाटलीवरचे नाव आणि वहीतील नोंद

इंग्लंडच्या मध्यभागी, ट्रेंट नदीच्या काठी वसलेल्या बर्टन या गावात जानेवारी २०२४ मध्ये एक निर्णय जाहीर झाला. कार्ल्सबर्ग आणि मार्स्टन्स यांच्या तत्कालीन संयुक्त कंपनीने आपल्या कारखान्यातील ‘बर्टन युनियन’ ही बिअर आंबवण्याची जुनी यंत्रणा कायमची बंद करण्याचे ठरवले. ओळीने मांडलेली ओकच्या लाकडाची पिंपे, त्यांच्या तोंडाला बसवलेल्या वाकड्या नळ्या आणि उसळून वर येणारे यीस्ट गोळा करणारी लांबच लांब पन्हळ, अशी ही रचना. पीटर वॉकर याने १८३८ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. बर्टनमधील बहुतेक कारखान्यांनी ती विसाव्या शतकातच मोडीत काढली. एकाच कारखान्यात ती टिकून होती. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये याच गावातील राष्ट्रीय ब्रुअरी संग्रहालयाला टाळे लागले होते. ज्या गावाने ‘इंडिया पेल एल’ जगभर पोहोचवली, त्या गावातून तिच्या खुणा अशा एकेक करून पुसल्या जात आहेत.

याच काळात ‘इंडिया पेल एल’, म्हणजेच आयपीए, हे नाव मात्र कधी नव्हे इतके सर्वत्र झाले आहे. अमेरिकेपासून जपानपर्यंत आणि पुण्यापासून बंगळूरुपर्यंत जेथे जेथे लहान प्रमाणावर बिअर बनते, तेथे ते फलकावर असतेच. परंतु या नावाखाली आज जे विकले जाते, त्याचे एकोणिसाव्या शतकातील मूळ पेयाशी नाते फार दूरचे आहे. नाव टिकले आणि वस्तू हरवली, असा हा प्रकार. ती हरवलेली वस्तू पुन्हा शोधण्याचे काम मोठ्या कंपन्यांनी फारसे केले नाही. ते केले घराच्या स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये किंवा अंगणातील खोपटात पातेली मांडून बसलेल्या हौशी मंडळींनी आणि जुन्या वह्या चाळणाऱ्या मोजक्या अभ्यासकांनी. हा उद्योग वरवर छंदासारखा दिसतो. परंतु एखाद्या व्यवसायाची परंपरा नेमकी कशात जपली जाते, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळते.

दंतकथा आणि जाहिराती

आयपीएची कथा बहुतेकांनी अशी ऐकलेली असते. भारतात राहणाऱ्या इंग्रजांना बिअर हवी होती; साधी बिअर केप ऑफ गुड होपला वळसा घालून येईपर्यंत आंबट होई; तेव्हा जॉर्ज हॉजसन नावाच्या लंडनच्या उत्पादकाने युक्ती लढवली, अधिक मद्यार्क आणि अधिक हॉप्स घालून खास भारतासाठी नवी बिअर शोधून काढली. कथा सुटसुटीत आहे; म्हणूनच ती अनेक पुस्तकांत आणि असंख्य बाटल्यांच्या वेष्टनांवर छापली गेली. मात्र ती पुराव्याला उतरत नाही.

मार्टिन कॉर्नेल या ब्रिटिश अभ्यासकाने समकालीन कागदपत्रांच्या आधारे ती खोडून काढली. हॉजसनचा कारखाना लंडनच्या पूर्वेला बो येथे, ली नदीकाठी होता. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे लागत, ते ब्लॅकवॉल तेथून जवळ. जहाजांच्या कप्तानांना स्वतःच्या हिशेबावर काही माल नेण्याची मुभा असे आणि हॉजसन त्यांना दीड वर्षापर्यंत उधारी देत असे. त्याच्या यशाचे रहस्य शेजार आणि उधारी या दोन गोष्टींत होते. त्याने पाठवलेली बिअरही नवी नव्हती. इंग्लंडमधील जमीनदारांच्या वाड्यांत ‘ऑक्टोबर बिअर’ नावाची, मुरवत ठेवायची फिकट रंगाची कडक बिअर पूर्वीपासून बनत असे. तिचेच हे भावंड होते. हॉजसनखेरीज इतरांची बिअरही भारतात सुखरूप पोहोचत होती.

भारतीय वाचकाने यात एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. इंग्लंडमध्ये रुजलेली ही दंतकथा खोडण्यास उपयोगी पडलेला पुरावा मोठ्या प्रमाणात भारतातला आहे. ‘कलकत्ता गॅझेट’मध्ये १७८४ सालीच पेल एलची जाहिरात दिसते. आलेला माल, त्याचा उत्पादक, लिलावाची सूचना अशा साध्या व्यापारी ओळींनी कोणती बिअर केव्हा येत होती, हे निर्विवाद सांगितले. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हा शब्दप्रयोगही आतापर्यंत सापडलेल्या पुराव्यानुसार प्रथम दिसतो तो लंडनमध्ये वा कलकत्त्यात नव्हे, तर १८२९ मध्ये सिडनीच्या एका वृत्तपत्रातील जाहिरातीत. बिअर भारतात अर्धशतक येत होती, तिला हे नाव नंतर मिळाले.

ही बिअर पीत कोण होते, हेही पाहिले पाहिजे. कंपनीचे अधिकारी, व्यापारी, मुलकी नोकर यांच्या मेजावर पेल एल असे. छावण्यांतील गोऱ्या शिपायांसाठी जी बिअर खरेदी होई, तीत काळ्या पोर्टरचाच भरणा मोठा होता. त्यामुळे ‘भारतातील इंग्रज सैनिकांची बिअर’ हे आयपीएचे वर्णन अर्धेमुर्धेच खरे आहे. पोर्टरही तोच समुद्र ओलांडून येत होती आणि तीही टिकत होती. म्हणजे प्रवासात टिकण्याचा गुण केवळ आयपीएकडे होता, या समजुतीलाही आधार राहत नाही.

बर्टनचे पाणी

लंडनची ही मक्तेदारी मोडली ती बर्टनने. १८२० नंतरच्या काळात हॉजसनच्या वारसांनी कप्तानांना वगळून स्वतःच निर्यात करण्याचा आणि दर वाढवण्याचा पवित्रा घेतला. त्यामुळे कंपनीच्या वर्तुळात नाराजी पसरली. बर्टनच्या उत्पादकांची रशियाशी चालणारी जुनी बाजारपेठ त्याच सुमारास जकातीमुळे बसली होती. कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी सॅम्युअल ऑलसॉप या बर्टनच्या उत्पादकाला भारतीय बाजार सुचवला आणि हॉजसनच्या बिअरचा नमुना दाखवला. ऑलसॉपच्या जोब गुडहेड या माल्ट बनवणाऱ्या माणसाने तिची पहिली नक्कल म्हणे चहाच्या किटलीत करून पाहिली. १८२२ च्या सुमाराची ही गोष्ट. किटलीची हकीकत थोडी रंगवलेली असू शकते. परंतु इतिहासातील ही पेल एल ‘घरगुती’ प्रमाणावर उभी करण्याचा पहिला प्रयत्न तोच, असे गमतीने म्हणता येईल.

ऑलसॉपपाठोपाठ बास व इतर उत्पादक या व्यापारात उतरले. त्यांना साथ मिळाली ती जमिनीखालच्या पाण्याची. बर्टनच्या विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून झिरपून येते. त्यात कॅल्शियम आणि सल्फेट यांचे प्रमाण फार मोठे असते. अशा पाण्यात फिकट माल्टची बिअर नितळ उतरते आणि हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, कोरडा लागतो. १८३९ मध्ये बर्टनला रेल्वे आली आणि देशांतर्गत बाजारही खुला झाला. लंडनचे सेंट पँक्रास स्थानक १८६८ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याच्या तळघरातील खांबांमधील अंतर बर्टनच्या बिअरची पिंपे मांडण्याच्या सोयीने ठरवलेले होते. बासच्या लाल त्रिकोणाची नोंद १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनमधील पहिले नोंदणीकृत व्यापारचिन्ह म्हणून झाली. भारताच्या नावाने सुरू झालेली वस्तू ही ब्रिटनच्या औद्योगिक ऐश्वर्याची खूण बनली होती.

उतरण

मग ती हरवली कशी? याचे उत्तर एका कारणात सापडत नाही. मूळ आयपीए मुरवावी लागे. कारखान्यातच ती अनेक महिने, कित्येकदा वर्षभर, पिंपांत राही आणि मगच जहाजावर चढे. इतका काळ भांडवल अडकवून ठेवणे पुढच्या पिढीला परवडेना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लवकर तयार होणाऱ्या, लवकर खपणाऱ्या बिअरकडे उत्पादक वळले. भारतासारख्या उष्ण बाजारात थंड करून पिण्याच्या जर्मन धर्तीच्या लागर बिअरने शिरकाव केला. भारतातही डोंगराळ भागात कारखाने उभे राहिले. कसौली येथे एडवर्ड डायरने सुरू केलेला कारखाना त्यांतील अग्रणी.

त्यात कररचनेची भर पडली. ब्रिटनमध्ये १६९७ पासून माल्टवर कर होता. ग्लॅडस्टन यांनी १८८० मध्ये तो रद्द करून वर्टच्या, म्हणजे माल्टपासून काढलेल्या गोड पाण्याच्या, घनतेवर कर बसवला. त्यामुळे साखर व इतर धान्ये वापरण्यास मोकळीक मिळाली आणि बिअर जितकी पातळ तितका कर कमी, असे गणित रूढ झाले. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आणि करवाढ यांनी बिअर आणखी पातळ केली. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये ‘आयपीए’ म्हणून मिळणारी बिअर पुष्कळदा साडेतीन टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेली, मवाळ अशी होती. शंभर वर्षांपूर्वी तीच सहा टक्क्यांच्या वर असे.

हे सूत्र आजही सुटलेले नाही. ब्रिटनने १ ऑगस्ट २०२३ पासून मद्यार्काच्या प्रमाणावर आधारित नवी करपद्धती आणली आणि साडेतीन टक्क्यांहून कमी मद्यार्क असलेल्या पेयांना सवलतीचा दर दिला. त्यानंतर अनेक प्रसिद्ध बिअर निमूटपणे ३.४ टक्क्यांवर आल्या. पेल्यात काय असावे हे चवीइतकेच कोषागार ठरवते, हा दीडशे वर्षांचा अनुभव आहे.

स्वयंपाकघरातील प्रयोगशाळा

घरी बिअर बनवण्याला १८८० च्या त्याच कायद्याने परवान्याची अट घातली होती. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये ती उठवली. स्वतःसाठी कितीही बनवा, विकू मात्र नका, इतकाच नियम उरला. अमेरिकेत अशी मुभा अध्यक्ष कार्टर यांच्या काळात, १९७८ च्या कायद्याने मिळाली. ब्रिटनमधील मुभेतून पुढील दशकात ‘डर्डन पार्क बिअर सर्कल’ हे हौशी मंडळ उभे राहिले. १९७० च्या दशकापासून या मंडळींनी जुन्या पुस्तकांतील आणि कारखान्यांच्या वह्यांतील कृती गोळा केल्या, त्यांची मापे गॅलनभर बिअरच्या प्रमाणात बसवली आणि प्रत्येक कृती बनवून पाहिली. त्यांचे छोटेखानी पुस्तक या क्षेत्रातील पायाचा दगड ठरले. पुढे रॉन पॅटिन्सन यांनी लंडनच्या अभिलेखागारात जतन केलेल्या बार्कले पर्किन्स, व्हिटब्रेड, ट्रूमन आदी कारखान्यांच्या रोजच्या नोंदवह्यांतून शेकडो कृती बाहेर काढल्या. जॉर्ज ॲमसिंक यांचा पन्नास प्रत्यक्ष कृतींचा तपशील देणारा १८६८ चा ग्रंथही या मंडळींच्या नित्य वापरातला.

प्रत्यक्षात हे काम चालते कसे? जुनी नोंद क्वार्टर, बॅरल, पौंड या मापांत असते. एक बॅरल म्हणजे ३६ गॅलन, सुमारे १६४ लिटर. हौशी माणसाला वीस लिटर पुरते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील निर्यातीच्या पेल एलमध्ये एका बॅरलला साधारण चार ते सहा पौंड हॉप्स उकळीत पडत आणि शिवाय पौंडभर तरी पिंपात कोरडे टाकले जात. पाच पौंड धरले, तर हे प्रमाण वीस लिटरला पावणेतीनशे ग्रॅमहून अधिक होते. आज घरोघरी बनणाऱ्या साध्या इंग्रजी बिअरच्या ते कित्येक पट आहे. आकडा चुकला असावा, असे वाटून वही पुन्हा तपासावी लागते, इतके हे प्रमाण अविश्वसनीय आहे. परंतु वहीमागून वही तेच सांगते.

उरलेली कृती मात्र आश्चर्यकारकरीत्या साधी आहे. सुमारे सहा किलो फिकट माल्ट, दुसरे काही नाही. साखर नाही, रंगीत माल्ट नाही. माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेली बार्ली. ती भरडून सहासष्ट-सदुसष्ट अंश सेल्सियसच्या आसपासच्या पाण्यात दीड-दोन तास भिजत ठेवायची, म्हणजे पिष्टाची साखर होते. गाळून आलेला वर्ट हॉप्ससह दोन-अडीच तास उकळायचा, गार करायचा, यीस्ट घालायचे. काही दिवसांत जोराचे किण्वन ओसरते. मग पिंपात वा भांड्यात भरून, कोरडे हॉप्स टाकून, झाकून ठेवायचे. आणि येथे खरी कसोटी लागते, कारण नोंद सांगते की आता सहा महिने ते वर्षभर हात लावू नका.

प्रत्येक पायरीवर अडचणी आहेत. पहिली धान्याची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शेव्हलिए नावाची बार्ली प्रमुख होती. सफोकमधील जॉन शेव्हलिए या धर्मोपदेशकाने १८२० च्या दशकात ती पुढे आणली. विसाव्या शतकात अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणांपुढे ती शेतातून नाहीशी झाली. नॉरिच येथील जॉन इनेस केंद्राने बियाणे संग्रहात जपलेल्या दाण्यांपासून ती अलीकडे पुन्हा वाढवली आणि आता तिचे माल्ट हौशी मंडळींनाही विकत मिळते. दुसरी अडचण पाण्याची. बर्टनची नक्कल करायची तर साध्या पाण्यात जिप्सम घालावे लागते. परंतु हॉजसनची नक्कल करायची असेल तर ते चूक ठरेल, कारण लंडनचे पाणी चुनखडीचे, वेगळ्या जातीचे. म्हणजे ‘जुनी पेल एल’ बनवायची असे म्हणून चालत नाही. कोणाची, कोठली, कोणत्या वर्षाची, हे आधी ठरवावे लागते.

तिसरी अडचण लाकडाची. जुनी बिअर पिंपात राहत असे, म्हणून अनेकजण भांड्यात ओकचे तुकडे टाकतात. इंग्लंडचे उत्पादक मात्र बाल्टिक किनाऱ्यावरील मेमेल बंदरातून येणारे ओक मुद्दाम पसंत करीत, कारण त्याची चव बिअरला लागत नसे. अमेरिकन ओकचा वास त्यांना नकोसा वाटे. तेव्हा लाकडाची चव आणणे हे इतिहासाशी इमान राखणे नव्हे, उलट ती त्या काळच्या कारागिरांच्या मते खोडच होती.

किती खरे, किती अंदाज?

सर्वांत अवघड प्रश्न यीस्टचा आहे. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवण्याची पद्धत यशस्वी केली. त्यापूर्वीचे प्रत्येक कारखान्याचे यीस्ट म्हणजे अनेक जातींचा मेळा होता. कार्ल्सबर्गमधीलच क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमधील खास चवीस जबाबदार असणारी एक संथ काम करणारी जात ओळखली आणि तिला ‘ब्रेटानोमायसेस’, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. साधे यीस्ट थांबल्यावर हे यीस्ट उरलेली साखर महिनोन्महिने खात राहते, बिअर अधिकाधिक कोरडी करते आणि तिला गवताच्या गंजीसारखा, चामड्यासारखा गंध देते. लाकडी पिंपात वर्षभर राहिलेल्या पेल एलमध्ये ते असणे जवळपास अटळ होते. आजचा बहुतेक मद्य उद्योग याच यीस्टला शत्रू मानतो.

म्हणून टीकाकारांचा आक्षेप रास्त आहे. हॉप्सची जात तीच असली तरी शेत बदलले, हवामान बदलले. त्या काळचे यीस्ट आज कोणाकडे नाही. आणि मुख्य म्हणजे १८४० सालची बास चाखलेली जीभ आज अस्तित्वात नाही. मग नक्कल बरोबर साधली हे ठरवणार कोण? वहीत घनता असते, तापमान असते, वजन असते, चव नसते.

या आक्षेपाचे उत्तर असे की, येथे ‘अगदी तीच बिअर’ हा दावा करण्याची गरजच नाही. या प्रयोगांचे मोल दुसरीकडे आहे. कागदावरचे विधान प्रत्यक्षात उतरते का, याची ती परीक्षा आहे. पावणेतीनशे ग्रॅम हॉप्स घालून बनवलेली बिअर महिन्याभरात चाखली तर ती तोंडात धरवत नाही. तीच दहा महिन्यांनी चाखली तर कडवटपणा बसलेला असतो, कोरडेपणा आलेला असतो आणि पेय एकसंध वाटते. हॉप्सचे प्रमाण आणि मुरवण्याचा काळ ही दोन स्वतंत्र विधाने नसून एकच कृती आहे, हे कोणत्याही ग्रंथात इतके स्पष्ट होत नाही. तसेच मद्यार्काचे. सहा-साडेसहा टक्के हे प्रमाण त्या काळात मोठे नव्हते. साध्या ताज्या ‘माइल्ड’ बिअर त्याहून कडक असत. टिकाऊपणा आला तो हॉप्स आणि साखरेचा अंशही न उरू देणारे दीर्घ किण्वन यांमुळे. ‘अधिक मद्यार्क घालून टिकवली’ ही दंतकथेतील दुसरी ओळ अशा प्रकारे पातेल्यात विरघळते.

आजच्या आयपीएशी तुलना केली की हे अंतर आणखी उघड होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने १९७५ मध्ये कॅस्केड या अमेरिकन हॉप्सची ‘लिबर्टी एल’ बनवली. तेथून संत्र्या-मोसंबीच्या सालीसारख्या वासाची, ताजी प्यायची नवी परंपरा सुरू झाली. ती अस्सल आहे, परंतु वेगळी आहे. आजची आयपीए जितकी ताजी तितकी चांगली. जुनी आयपीए जितकी मुरलेली तितकी चांगली. एकाच नावाखाली दोन परस्परविरोधी मूल्ये नांदत आहेत. विशेष म्हणजे त्या अँकर कारखान्यानेही जुलै २०२३ मध्ये उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले.

वारसा कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बास हे नाव आज बेल्जियममध्ये मुख्यालय असलेल्या एबी इनबेव्ह या बहुराष्ट्रीय कंपनीच्या मालकीचे आहे. मार्स्टन्सने संयुक्त कंपनीतील आपला हिस्सा २०२४ मध्येच कार्ल्सबर्गला विकला. या कंपन्यांनी नियम मोडला आहे असे नाही. युनियनची पिंपे दुरुस्त ठेवण्यास कुशल कारागीर लागतात आणि विक्री घटत असताना तो खर्च ताळेबंदात बसत नाही, हे त्यांचे म्हणणे व्यापाराच्या दृष्टीने सुसंगतच आहे. परंतु वेष्टनावर ‘स्थापना १७७७’ छापणे आणि त्या स्थापनेचे ज्ञान जिवंत ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली फायद्याची आहे, दुसरी खर्चाची. बाजारपेठ पहिलीची काळजी घेते. दुसरीची घेईलच असे नाही.

बर्टन युनियनच्या बाबतीत सुदैवाने थोडे वेगळे घडले. पिंपांचा एक संच डर्बीशायरमधील थॉर्नब्रिज या तुलनेने लहान कारखान्याने मिळवला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीचे गॅरेट ऑलिव्हर यांनी त्यासाठी मध्यस्थी केली आणि २०२४ मध्येच त्यावर पुन्हा बिअर आंबू लागली. या कारखान्याच्या सर्वांत प्रसिद्ध आयपीएचे नाव ‘जयपूर’ आहे, हा योगायोग रंजक म्हणावा लागेल. यंत्र वाचले, पण ते वाचवावे असे वाटणारे लोक आधी तयार झाले होते म्हणून वाचले. गेल्या पन्नास वर्षांत वह्या वाचणारे, पातेली चढवणारे, चुका एकमेकांना दाखवणारे जे वर्तुळ उभे राहिले, त्याने ही आस्था निर्माण केली.

या वर्तुळाला शक्य झाले ते दोन कारणांनी. बुडालेल्या वा विलीन झालेल्या कारखान्यांची दप्तरे रद्दीत न जाता सार्वजनिक अभिलेखागारात पोहोचली आणि कोणाही सामान्य नागरिकाला ती पाहण्याची मुभा राहिली. दुसरे, १९६३ नंतर प्रयोग करणे हा गुन्हा उरला नाही. दप्तर आणि मुभा यांपैकी एक जरी नसते तरी हे ज्ञान परत आले नसते. कायद्याने बंदी असती तर वह्या हा केवळ कागद राहिला असता. वह्या नसत्या तर मुभेतून फक्त मद्य निघाले असते, इतिहास नव्हे.

आपल्याकडे यातील दुसरी बाजू लागू होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. घरगुती वापराची सबब त्यात चालत नाही. त्यामुळे वर वर्णन केलेली कृती येथे वाचण्यापुरतीच आहे. परवानाधारक मायक्रोब्रुअरी मात्र आहेत. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘डुलाली’ने नाव घेतले ते नाशिकजवळच्या देवळालीचे, तेथील छावणीत मायदेशी परतणाऱ्या जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्या गोऱ्या शिपायांनी गावाच्या नावाचा अपभ्रंश करून इंग्रजीला ‘वेडसर’ या अर्थाचा शब्द दिला. अशा ठिकाणी ऐतिहासिक पेल एलचा प्रयोग कायद्याच्या चौकटीत होऊ शकतो. वर्षभर टाकी अडवून ठेवण्याची तयारी कोणत्या चालकाची आहे, हा प्रश्न मात्र बर्टनच्या मालकांना पडला होता तोच आहे.

दप्तराची बाजू मात्र आपल्यालाही लागू पडते. इंग्लंडच्या बिअरचा इतिहास दुरुस्त करण्यास कलकत्त्यातील जुन्या जाहिराती कामी आल्या. मुंबई हेही कंपनीचे तितकेच महत्त्वाचे बंदर होते. येथे कोणत्या जहाजातून कोणाची पिंपे उतरली, किती फुटली, काय दराने विकली गेली, याचा माग घेणारे काम अभ्यासकांसाठी मोकळे आहे. ज्यांनी त्या ओळी छापल्या, त्यांना आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नव्हती. ते फक्त आलेल्या मालाची खबर देत होते. बाटलीवरच्या नावाने जे दीडशे वर्षे झाकले, ते अशा एका ओळीच्या खबरीने उघड केले. त्या ओळींचे कागद आज कोठे, कोणत्या अवस्थेत आहेत, याची चौकशी करण्यास कोणत्याही परवान्याची गरज नाही.